नाताळच्या फोटोंचं स्क्रॅपबुक: डिंक सगळ्यात शेवटी

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ओळखीतल्या दोघी-तिघींचा तरी फोन येतो की स्क्रॅपबुक करायला घेतलं आणि सहा पानांवर अडकलंय, किंवा मागच्या वर्षी केलेलं पावसाळ्यात एकमेकांना चिकटलं आणि पान उघडलं की फोटोतला चेहराच समोरच्या पानावर निघून येतोय. खोदून विचारलं की सगळ्यांचं एकच निघतं. बाजारातून लाल-हिरवे कागद, चमकी, स्टिकर आणले, त्याच दुपारी चिकटवायला बसल्या, आणि कुठला फोटो घ्यायचा, कुठे लावायचा हे चिकटवता चिकटवता ठरवलं. इथेच चुकतं. चिकटवणं हे या कामातलं शेवटून दुसरं काम आहे, त्याच्या आधी आठ कामं आहेत आणि ती ह्याच क्रमाने करायची आहेत.

माझं माहेर नगरचं आणि सासर वसईचं, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही नाताळांचे फोटो आहेत. तिकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, दारात रांगोळी, इकडे फुगे, कुलकुल (दोन्ही तळून करायचे पदार्थ) आणि अंगणातला गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा. उदाहरणं सगळी त्यातलीच देते.

सुरुवात कधी करायची तर ६ जानेवारीला, तीन राजांचा सण झाला आणि गोठा आवरायला घेतला की लगेच. कोण कधी आलं, कुणी काय आणलं ते तेव्हा सगळ्यांना आठवत असतं. आणि पावसाळ्याच्या आत म्हणजे मे अखेरपर्यंत संपवायचंच, कारण जूनमध्ये कागद हवेतलं पाणी ओढून घेतो, मग चिकटवलेलं पान वाळता वाळत नाही, लाटांसारखं वर-खाली होतं.

१. फोटो एका जागी आणा

काकूच्या फोनमध्ये चार, भाच्याच्या फोनमध्ये साठ, कुवेतवाल्या दिराकडे व्हिडिओ कॉलचे स्क्रीनशॉट, असं सगळं विखुरलेलं असतं. सगळ्यांना सांगा की फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा पण डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, फोनवर छान दिसतो आणि प्रिंट काढली की चेहऱ्यांवर चौकोन चौकोन दिसतात.

तारखेची एक गंमत लक्षात ठेवा, यात जवळजवळ सगळे फसतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोच्या नावात २०१९१२२५ असे आठ आकडे आणि पुढे डब्ल्यूए असं असतं, ती तारीख फोटो तुमच्या फोनवर आल्याची असते, काढल्याची असेलच असं नाही. आत्याने २०१५ चा फोटो आठवण म्हणून २०१९ च्या नाताळला पाठवला तर तो २०१९ चा होऊन बसतो. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांत कोपऱ्यात केशरी तारीख यायची तिच्यावरही डोळे झाकून विश्वास नको, बॅटरी बदलली की ती सेट करायची राहून जायची.

तपासा: फोटोतलं सगळ्यात लहान मूल कोण आहे ते बघा, त्याच्या वयावरून साल बरोबर निघतं. दिवाणखान्याचा रंग, टीव्ही, कुणाच्या गळ्यातली नवी चेन यावरूनही निघतं. साल नक्की ठरल्याशिवाय फोटो पुढच्या टप्प्यात नेऊ नका.

२. जुने फोटो सोडवा आणि स्कॅन करा

पानावर चिकट रेघा आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम प्रत्येक घरात आहेत. तो चिकटपणा आणि ते प्लॅस्टिक दोन्ही फोटोला खातात, पण म्हणून ओढून काढायला जाऊ नका. आधी पूर्ण पानाचा फोनने फोटो काढा, म्हणजे काही फाटलंच तरी नोंद राहील. मग दात साफ करायचा फ्लॉस, मेण नसलेला, फोटोच्या एका कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे करत न्या. नाही सुटला तर सोडून द्या, आहे तसा पानासकट स्कॅन करा.

⚠️ काचेच्या फ्रेमला चिकटलेला फोटो तर अजिबात ओढायचा नाही, त्याच्यावरचा रंगाचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करा. केस वाळवायचं ड्रायर, पाण्यात भिजवणं, कुठेतरी व्हिडिओत बघितलेले असले प्रयोग एकुलत्या एक फोटोवर करू नयेत.

पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून लहान फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, म्हणजे मोठा करायला वाव राहतो. स्कॅनर नसेल तर दिवसा खिडकीजवळ टेबलावर फोटो सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून, फोन बरोबर वरून धरून काढा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मूळ जुना फोटो स्क्रॅपबुकात लावायचाच नाही. तो वेगळ्या कागदी पाकिटात घालून कपाटात ठेवा. स्क्रॅपबुकात कॉपी जाते, मूळ फोटो जात नाही. मी हे पाळलं नव्हतं तेव्हा आजीचा १९७०च्या आसपासचा, चर्चच्या पायरीवर बसलेला फोटो गोल कापला होता आणि कापलेल्या भागात तिची सगळ्यात धाकटी बहीण होती. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता, आजही नाही.

३. चारशेमधून चाळीस

तीन फेऱ्या करा, वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या फेरीत एकाच क्षणाचे सात-सात फोटो असतात त्यातला एक ठेवा. दुसऱ्या फेरीत बघा की नुसते उभे राहून हसणारे फोटो किती आणि काही करतानाचे किती. गोठ्याला बांबू बांधतानाचा, कुलकुल करताना पीठ कंगव्यावर वळवतानाचा, मध्यरात्रीच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) येऊन चपला न काढता सोफ्यावर झोपलेल्या पोरांचा, असे फोटो जास्त घ्या, थोडे हललेले असले तरी घ्या.

तिसरी फेरी माणसांची. घरातल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहा आणि निवडलेल्या फोटोंत कोण किती वेळा आलं त्याच्या खुणा करत जा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सासूबाईंच्या नावापुढे एकच खूण होती, कारण फोटोच्या वेळी त्या स्वयंपाकघरात. फोटो काढणारा माणूसही कधीच फोटोत नसतो. अशा माणसाचा त्या दिवसाचा एकही फोटो नसेल तर त्या माणसाच्या हातचं काहीतरी पानावर यायला हवं, ते कसं ते पुढच्या टप्प्यात सांगते.

४. पानांच्या कल्पना ठरवा

खरेदीच्या आणि प्रिंटच्या आधी हे करायचं, कारण कुठला फोटो केवढा हवा ते यावरून ठरतं. प्रत्येक पानाला एकच गोष्ट द्या. "नाताळ २०२३" नावाचं पान करायला गेलात तर त्यात सगळंच कोंबलं जातं आणि बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

*तीच जागा, वेगळी वर्षं.* आमच्याकडे गोठ्यासमोर सगळ्यांचा एक फोटो दरवर्षी निघतो. ते सगळे एकाच मापात, एकाच पद्धतीने कापून ओळीने लावायचे, खाली फक्त साल. बाकी सजावट शून्य. कोण वाढलं, कुणाची सून आली, कोण गेलं ते कुणी सांगावं लागत नाही. मला स्वतःला हे पान सगळ्यात जास्त आवडतं. मधलं एखादं वर्ष नसेल तर तिथे तेवढाच कोरा चौकोन ठेवून साल लिहा आणि का नाही तेही लिहा, "२०२० – एकत्र जमलो नाही, फोनवर प्रार्थना केली" एवढं पुरे.

*ग्रुप फोटोची किल्ली.* तीस-पस्तीस जणांचा फोटो असेल तर खाली नावं लिहून काही कळत नाही, मागच्या रांगेतला तिसरा की चौथा यावर भांडणं होतात. फोटोची साधी झेरॉक्स काढा, खिडकीच्या काचेवर धरा, वर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त डोक्या-खांद्यांच्या बाह्यरेषा पेन्सिलने काढून घ्या, प्रत्येक डोक्यात आकडा आणि शेजारी आकड्यांपुढे पूर्ण नावं. ही रेखाकृती पानाच्या खालच्या भागात किंवा समोरच्या पानावर लावायची. नावं लिहिताना "आजी", "मामा" असं नको, तुमची आजी ही तुमच्या मुलांची पणजी आणि तुमच्या आत्याची आई असते. नाव, आडनाव आणि बाईमाणसाचं माहेरचं आडनावसुद्धा.

*हातचं अक्षर.* फराळाच्या पानावर करंज्यांच्या फोटोशेजारी आईच्या वहीतलं सारणाच्या प्रमाणाचं पान स्कॅन करून लावा, तेलाचे डाग, खोडाखोड सगळ्यासकट. टाइप करून लावलं की त्यातलं माणूस जातं. वर म्हटलं ना, फोटोत नसलेली व्यक्ती, ती अशी येते.

*चोवीस तास.* २४ डिसेंबरच्या दुपारपासून २५ च्या दुपारपर्यंत, फोटो लहान लहान आणि प्रत्येकाखाली फक्त वेळ. दुपारी ४ ला स्टार टांगला, ७ ला इस्त्री, ११ ला चर्चकडे, पहाटे २ ला चहा आणि केक. फोनमधल्या फोटोच्या डिटेल्समध्ये वेळ मिळते, त्यासाठीही मूळ फाइल हवी.

*आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या.* आगमनकाळ म्हणजे नाताळआधीचे चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. चार रविवारांचे चार फोटो, पहिल्यात एक ज्योत, चौथ्यात चार. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, त्यामुळे पानाचे रंगही आपोआप ठरतात. लाल-हिरव्याचा कंटाळा आला असेल त्यांनी हे जरूर करावं.

*कॅरोलचा रस्ता.* गीतं म्हणत ज्या घरांना गेलात त्यांचा हाताने काढलेला साधा नकाशा, दोन-तीन फोटो, आणि कुठल्या घरी काय खायला मिळालं ते. पोरांकडून काढून घ्या, मापात नसला तरी चालतो.

*रिकामी खुर्ची.* त्या वर्षी घरातलं कुणी गेलं असेल तर त्यांच्यासाठी एक पूर्ण पान, त्यांचा आदल्या नाताळचा एकच फोटो आणि भरपूर मोकळी जागा. या पानावर स्टिकर लावू नका.

५. प्रिंट

चार बाय सहा इंचाला निदान १२०० बाय १८०० पिक्सेल हवेत, फोटोच्या डिटेल्समध्ये आकडा दिसतो, त्याहून कमी असेल तर लहान प्रिंट काढा. लॅबमध्ये मॅट मागा. ग्लॉसी फोटो दमट हवेत प्लॅस्टिकला चिकटतात आणि बोटांचे ठसेही घेतात. घरच्या इंकजेटवर काढलेल्या प्रिंटची शाई बरेचदा ओल्या बोटाने फिसकटते, ती फक्त मांडणी बघायला ठीक.

चर्चमधले रात्रीचे फोटो पिवळेजर्द येतात. थोडं सुधारून बघा, नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट करा, मेणबत्तीच्या उजेडातले चेहरे त्यात खुलतात. लॅबवाल्याला "ऑटो करेक्शन नको" असं तोंडी सांगून चालत नाही, पाकिटावर लिहून द्या, आणि आधी पाच प्रिंट काढून बघा मग चाळीस द्या.

६. खरेदी, आणि घरी आणून परीक्षा

बारा बाय बारा इंचाचे स्क्रॅपबुक अल्बम छान दिसतात पण त्यांची जादा पानं नंतर मिळतीलच असं नाही. त्यापेक्षा ए-फोर मापाची मजबूत रिंग फाइल, पारदर्शक शीट प्रोटेक्टर आणि २५० ते ३०० जीएसएमचे (कागदाच्या वजनाचं माप) जाड कागद घ्या. ए-फोर उभ्या पानावर चार बाय सहाचे दोन आडवे फोटो एकाखाली एक बसतात आणि लिहायला बोटभर लांबीची जागा उरते. एखादं पान बिघडलं तर तेवढंच बदलता येतं, हा मोठा फायदा. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात अप्पा बळवंत चौक, इथे हे सगळं मिळतं.

कागदावर अॅसिड-फ्री लिहिलेलं असावं, साधा स्वस्त कार्डशीट काही वर्षांत पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि फोटोलाही पिवळं करतो. शीट प्रोटेक्टरवर पॉलिप्रॉपिलीन किंवा पीपी लिहिलेलं बघा.

घरी आणल्यावर दोन परीक्षा:

- प्रोटेक्टरचा वास घ्या. नवीन रेनकोटसारखा उग्र वास आला तर ते पीव्हीसी, म्हणजे फोटोला खाणारं प्लॅस्टिक असणार, परत करा.
- प्रत्येक रंगीत कागदावर ओला पांढरा कापूस जरा दाबून घासा. रंग लागला तर तो कागद फोटोजवळ येणार नाही. पतंगी कागद आणि क्रेप हमखास नापास होतात, लाल तर सगळ्यात आधी.

⚠️ हे पानावर नकोच: स्टेपलर आणि टाचण्या (गंजतात, वसईच्या हवेत तर दोन पावसाळ्यांत), सेलोटेप, चमकी (कणांनी फोटोवर ओरखडे येतात आणि ती सगळ्या पानांवर पसरते), गोठ्यातलं खरं गवत किंवा नाचणीचे कोंब, वाळलेली फुलं, मेण. खाण्याची वस्तू तर नाहीच, कसर आणि झुरळं त्याच वासाने येतात. साडीचा किंवा फ्रॉकचा तुकडा, शुभेच्छापत्र, मिस्साची पत्रिका ठेवायची असेल तर वेगळ्या प्रोटेक्टरमध्ये, समोरच्या पानावर.

⚠️ लॅमिनेशन करू नका. दुकानदार "पक्कं होईल" म्हणतो, पण उष्णतेने चिकटलेलं ते प्लॅस्टिक परत निघत नाही आणि कडेने ओल शिरली की आत बुरशी धरते, मग काहीच करता येत नाही.

७. कोरडी मांडणी

आता पान, फोटो, कागदाचे तुकडे, सगळं न चिकटवता ठेवून बघा. एका पानावर एक फोटो मोठा, बाकीचे त्याच्या मागे, सगळे सारखे महत्त्वाचे केले की डोळा कुठेच थांबत नाही. रंग फोटोतून घ्या, कुणाच्या फ्रॉकचा निळा, स्टारचा पिवळा. पानाचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळा सोडा, तो लिहायला लागतो आणि बघायलाही बरा वाटतो.

मांडलेल्या पानाचा फोनने फोटो काढा आणि सगळं आवरून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो फोटो बघा. जे खटकतं ते लगेच दिसतं, आदल्या रात्री दिसत नाही. घरातल्या एका मोठ्या माणसालाही दाखवा, "हा नंदू नाही, त्याचा भाऊ आहे" हे आत्ता कळलेलं बरं.

कापायचं असेल तर कॉपीच आणि तेही जपून. मागचं घर, अंगण, गाडी, भिंतीवरचं कॅलेंडर कापून टाकू नका, वीस वर्षांनी लोक चेहऱ्याइतकंच तेही बघतात. इन्स्टंट कॅमेऱ्याचे पांढऱ्या किनारीचे फोटो तर कापूच नका, आतले थर सुटतात.

८. लिहा

लिहिणं चिकटवण्याआधी, वेगळ्या पट्टीवर. चुकलं तर पट्टी बदलता येते, पान नाही.

"हॅपी मोमेंट्स" असले शब्द नकोत, ते कुठल्याही घराच्या अल्बमवर चालतील. काय झालं ते लिहा. कोण, कुठे, कुठल्या साली आणि एक अशी गोष्ट जी फोटोत दिसत नाही. "गोठ्याचं छप्पर रात्री मांजराने पाडलं, पहाटे पप्पांनी परत बांधलं, हा त्यानंतरचा फोटो." मोठ्या माणसांशेजारी फोटो घेऊन बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि बोलू द्या. त्यातलं एखादं वाक्य जसंच्या तसं उतरवा. सासूबाई कादोडीत, म्हणजे वसईकडच्या बोलीत बोलतात तर मी कादोडीतच लिहिते, शुद्ध मराठी करत नाही. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, बाकीचं सगळं ढकललं तरी चालेल.

पेन पिगमेंट शाईचं, न फिसकटणारं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढे उठाव येतो. जुन्या कागदी फोटोंमागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने.

९. आता चिकटवा

फोटो थेट चिकटवण्यापेक्षा कोपरे वापरा, कधीही फोटो काढता येतो. विकत मिळतात, घरीही होतात. अॅसिड-फ्री कागदाची सेंटिमीटरभर रुंद आणि तीन सेंटिमीटर लांब पट्टी आडवी धरा, वरच्या कडेचा मध्य पकडून दोन्ही बाजू खाली दुमडा, होडी करताना सुरुवातीला करतो तसा त्रिकोण होतो, खाली लोंबणारी टोकं कापा. घडीची बाजू पानाकडे, तिला जरासा डिंक, आणि तयार खिशात फोटोचा कोपरा. आधी चारही कोपरे फोटोला घाला मग पानावर ठेवा, उलट केलंत तर माप चुकतं.

कागदाच्या पट्ट्यांना अॅसिड-फ्री ग्लू स्टिक किंवा फोटोसाठीचा दुहेरी टेप. लाकडाला लावायचा पांढरा पातळ गोंद नको, कागद ओला होऊन सुरकुततो. झालेलं पान कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं, एक रात्र. पूर्ण वाळल्याशिवाय प्रोटेक्टरमध्ये घालू नका.

तपासा: पान उभं धरून हलवा. काही सुटलं, सरकलं तर आत्ताच नीट करा.

१०. ठेवायची जागा

फाइल उभी ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पावसात ती भिंत ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या जवळ ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा आणि गणपती झाल्यावर कोरडं ऊन पडलं की एकदा, पानं पंख्याखाली उघडून बघा, उन्हात नाही. पांढरा-हिरवट ठिपका दिसला तर ते पान लगेच बाजूला काढा, बाकीच्यांत राहू देऊ नका.

फाइलच्या शेवटी चार कोरी पानं घालून ठेवा आणि "तीच जागा" वाल्या पानावर पुढच्या वर्षाचा चौकोन पेन्सिलने आत्ताच आखा, म्हणजे २५ तारखेला गोठ्यासमोर सगळ्यांना उभं करताना फोन आडवा धरायचा की उभा ते ठरलेलं असेल.